पोरगं घरी आलं नाही तर चोवीस तास कसली वाट बघताय?

भांडुपहून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. युनिट टेस्टला गणितात मार्क गेले म्हणून बाबांनी मोबाईल काढून घेतला आणि दोन फटके पण दिले. संध्याकाळी पाचला क्लासला म्हणून बाहेर पडला, साडेसातला यायचा तो आठ वाजले तरी पत्ता नाही. क्लासला फोन केला तर सर म्हणाले आज आलाच नव्हता. मग शोधाशोध सुरू झाली पण सगळी गुपचूप. आत्याला फोन केला, "सहज केला गं", मामाला केला तोही "सहजच". सासूबाई म्हणाल्या बोभाटा करू नका, भूक लागली की येईल. शेजारचे काका म्हणाले चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस कंप्लेंट घेतच नाहीत. मिस्टर म्हणाले आपल्या घरात आजवर कोणी पोलीस स्टेशनची पायरी चढलेलं नाही. रात्री साडेअकराला कल्याण स्टेशनवरून रेल्वे पोलिसातल्या एका मॅडमचा फोन आला, पोरगा प्लॅटफॉर्मवर एकटा बसलेला दिसला, आईचा नंबर तोंडपाठ होता म्हणून निभावलं. पण त्यांनी लगेच ताब्यात दिला नाही, रात्रभर बालगृहात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाल कल्याण समितीपुढे नेल्यावर घरी सोडला. आता बाबा चिडलेत की आमच्या पोराला गुन्हेगारासारखं का वागवलं, पोरगा कोणाशी बोलत नाही, आणि ताई विचारतायत की आम्ही नेमकं काय करायला हवं होतं, आणि धाकटी पाच वर्षांची आहे तिला गणपतीच्या गर्दीत न्यायचीच भीती वाटतेय, तर जीपीएसवालं घड्याळ घेऊ का.

ताई, पहिलं म्हणजे पोरगा घरी आहे, सुखरूप आहे. बाकी सगळं निस्तरता येतं. आता थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुमचे ते साडेतीन तास पोरगा कुठे गेला यात गेले नाहीत, ते गेले कोणाला कळू नये यात. आत्याला खरं सांगितलं असतं तर आत्याचा कॉलेजातला मुलगा बाईक काढून स्टेशनवर गेला असता. मामाने त्याच्या ग्रुपवर टाकलं असतं. "सहज केला" म्हटल्यावर समोरचा माणूस पण सहजच बोलणार ना, जेवलात का विचारून फोन ठेवणार. मी तुम्हाला एकट्याला बोलत नाहीये, ही घराघरातली गोष्ट आहे, मूल हरवलं की आपण आधी अब्रू शोधायला लागतो.

आता ते चोवीस तासांचं. हे कुठून आलं देव जाणे, टीव्ही सीरियलमधून आलं असावं, पण असा कुठलाही नियम नाही. उलट आहे. १० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या केसमध्ये सरळ सांगितलंय की अठरा वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायची, आणि ते मूल पळवलं गेलंय किंवा त्याची विक्री होतेय असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे "मित्राकडे गेला असेल, सकाळपर्यंत बघा" असं पोलिसांनी म्हणायचंच नाही. म्हणूनच मुलगा स्वतःहून गेला असला तरी एफआयआर अपहरणाच्या कलमाखाली अज्ञात माणसाविरुद्ध होते, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १३७ आहे, आधी आयपीसी ३६३ होतं. हे वाचून घाबरायचं नाही, "अहो पण कोणी पळवलं नाहीये, तो रागावून गेलाय" म्हणून कंप्लेंट सौम्य करायला पण जायचं नाही. कलम मोठं लागलं की तपासाला जोर येतो, इतकंच.

पोलीस स्टेशनला गेल्यावर एक गोष्ट नीट बघायची. मोठं माणूस हरवलं की "मिसिंग" ची नोंद करतात. मुलाचं तसं नाही. ड्युटीवरचे साहेब म्हणाले "मिसिंग घेऊन ठेवतो", तर शांतपणे म्हणायचं, साहेब मुलगा अठराच्या आतला आहे, एफआयआर हवी. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण उठायचं पण नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, ती घेऊनच बाहेर पडायचं आणि तपास कोणाकडे दिलाय त्या अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर तिथेच वहीत लिहून घ्यायचा. "ही आमची हद्द नाही, मुलगा मुलुंडला गेलेला ना, मुलुंडला जा" असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर म्हणा. १ जुलै २०२४ पासून जी नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात कलम १७३ मध्ये ते लिहिलेलंच आहे, कुठल्याही हद्दीत घडलेलं असू दे, कुठल्याही स्टेशनला सांगता येतं, मग ते पुढे पाठवतील. तरी नाहीच घेतली तर मुंबईत झोनचे डीसीपी असतात त्यांच्याकडे लेखी अर्ज, तिथे नाही तर मॅजिस्ट्रेट. पण तोवर जायची वेळ सहसा येत नाही. आईबाप दोघं जाऊन, फोटो हातात घेऊन नीट उभे राहिले तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. आणि पोलीस स्टेशनला निघता निघताच रिक्षातून ११२ ला एक फोन लावायचा आणि १०९८ ला दुसरा. १०९८ ही फक्त मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. हे नंबर आपण शाळेच्या भिंतीवर वाचतो आणि विसरतो.

आता तुमच्या मुलाचं बघू. तो भांडुपला कल्याण स्लो लोकल पकडून शेवटपर्यंत गेला. मुंबईतलं रागावलेलं पोरगं बहुतेक वेळा रेल्वेकडेच जातं, कारण पास असतो किंवा तिकीट नसलं तरी चालतं असं वाटतं, आणि शेवटचं स्टेशन येईपर्यंत कोणी उठवत नाही. म्हणून मुलगा सात-आठ वर्षांच्या वरचा असला की घरातली दोन माणसं सरळ जवळच्या स्टेशनवर पाठवायची. तिथे स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जायचं, अनाउन्समेंट करायला सांगायची, आणि रेल्वेच्या पोलिसांना कळवायचं. हे दोन वेगळे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, एक आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, दुसरे जीआरपी म्हणजे लोहमार्ग पोलीस, जे राज्याचे. गुन्हा नोंदवतात जीआरपी, पण प्लॅटफॉर्मवर आणि गाडीत अशी एकटी पोरं हेरण्यात आरपीएफवाले तरबेज असतात, त्यांचं "नन्हे फरिश्ते" म्हणून ऑपरेशनच आहे. १३९ हा रेल्वेचा नंबर, १५१२ जीआरपीचा. शेवटची स्टेशनं आधी सांगायची, सेंट्रलला कल्याण, कसारा, कर्जत, इकडे सीएसएमटी, हार्बरला पनवेल, वेस्टर्नला चर्चगेट, विरार, डहाणू. आणि मोठा मुलगा असेल, घरातून पैसे आणि कपडे गेले असतील तर लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात ती ठिकाणं, कुर्ला टर्मिनस, दादर, मुंबई सेंट्रल, बांद्रा टर्मिनस. गाडी सुटून गेली असली तरी पुढच्या स्टेशनला निरोप जातो, म्हणून तर वेळ महत्त्वाची. साडेआठला कल्याणला त्याचं वर्णन पोचलं असतं तर त्या मॅडमना तो अडीच तास आधी दिसला असता कदाचित. कदाचित म्हणतेय, हे तुम्हाला टोचायला नाही.

घरात जो थांबेल त्यालाही काम आहे, नुसतं रडत बसायचं नाही. घरातून काय गेलंय ते बघायचं. दप्तरात पुस्तकं आहेत की कपडे. चार्जर गेलाय का. डब्यातले पैसे, पास, आधार कार्ड. रोजचं औषध चालू असेल तर ते नेलंय का, दम्याचा पंप राहिला असेल तर पोलिसांना पहिल्या वाक्यात सांगायचं. चार्जर आणि दोन टीशर्ट गेले तर मूल ठरवून गेलंय, सगळं जागच्या जागी असेल तर गोष्ट वेगळी, आणि या एका माहितीवर पोलीस कुठे शोधायचं ते ठरवतात. त्याचे न धुतलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, उशीचा अभ्रा बदलू नका, श्वानपथक आणायची वेळ आली तर लागतं. त्याचा मोबाईल घरात असेल तर त्यातलं काही डिलीट करायचं नाही, पासवर्ड चार वेळा चुकीचा टाकून लॉक करायचा नाही, आहे तसा पोलिसांच्या हातात द्यायचा. फोन त्याच्याकडे असेल तर घरातल्या दहा जणांनी मिळून फोन करून त्याची बॅटरी संपवायची नाही. एकाने मेसेज टाकायचा, "कोणी ओरडणार नाही, कुठे आहेस ते सांग, मी एकटी येते", आणि खरंच ओरडायचं नाही. सिम ब्लॉक करायला पळू नका, उलट रिचार्ज संपत आला असेल तर मारून ठेवा, त्या फोनवरूनच लोकेशन मिळणार आहे.

मित्रांना विचारायचं तर मित्राच्या आईला नाही, मित्राला. आई समोर उभी असेल तर पोरगं "मला माहीत नाही काकू" म्हणणार, कारण त्याला त्याच्या घरी मार पडायची भीती असते. त्याच्या मोठ्या भावाला किंवा बिल्डिंगमधल्या दादाला बाजूला घेऊन विचारायला लावा, इन्स्टावर, गेममध्ये कोणाशी बोलायचा, कोणाला भेटणार होता का. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं झालंय, ऑनलाइन ओळख झालेला "मित्र" चाळीस वर्षांचा निघतो.

लहान मूल, म्हणजे दोन ते सहा वर्षांचं असेल तर गणित पूर्ण उलटं. ते स्टेशनवर जात नाही, ते आसपासच असतं आणि धोका पाण्याचा असतो. आधी पाणी बघा. बिल्डिंगची खालची टाकी, तिचं झाकण, पंपरूम, नाला, पावसाळ्यात उघडं गटार, बांधकामाचा खड्डा. मग बंद होणाऱ्या जागा, लिफ्ट, पार्किंगमधल्या गाड्या, दिवाणाच्या खालचा कप्पा, गच्ची. लपून बसलेलं मूल हाक मारली तरी ओ देत नाही, कारण त्याला वाटतं आपण रागावलोय. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत होतं, एकाच वेळी सहा माणसं लावून, आणि तेवढ्यात एक जण ११२ लावतोच. सगळं बघून झाल्यावर मग फोन करू असं नाही.

सीसीटीव्ही. हा शब्द सगळ्यांना माहीत आहे पण करायचं काय ते माहीत नसतं. किराणावाला, मेडिकल, एटीएम, सोसायटीचं गेट, रस्त्यावर समोरासमोर जे कॅमेरे दिसतील ते बघायचे, आणि बघून "हो हो दिसला" म्हणून निघून यायचं नाही. दुकानदाराला तिथेच सांगायचं, काका एवढं फुटेज पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, कारण ती मशीन ठरावीक दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवीन लिहीत जाते. निदान आपल्या मोबाईलमध्ये स्क्रीनचा व्हिडिओ घ्या. आणि एक बारीकशी गोष्ट, त्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ शेजारी धरून फोटो काढा. दुकानांतल्या कॅमेऱ्यांची घड्याळं सर्रास चुकलेली असतात, कुठे वीस मिनिटं पुढे, कुठे थेट मागच्या वर्षीची तारीख. मेडिकलमध्ये पाच वाजून दहाला दिसला आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे पाच वाजता दिसला, म्हणजे तो उलटा आला की घड्याळ चुकलंय, यात पोलिसांची रात्र जाऊ शकते.

आता व्हॉट्सअप. टाकायचं, जरूर टाकायचं, पण पोलिसात गेल्यावर आणि नीट. फोटो अलीकडचा हवा, लग्नात शेरवानी घालून काढलेला नको, फिल्टरवाला नको, एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा. अंगात काय होतं ते, पायात काय होतं ते पण लिहा, चप्पल लोक बदलत नाहीत पटकन. कुठून, किती वाजता, आणि तारीख, वर्षासकट. तारीख नसलेला मेसेज पाच वर्षं फिरत राहतो, मूल बारावीला गेलं तरी लोक "कृपया पुढे पाठवा" करत बसतात. पोलीस स्टेशनचं नाव आणि एफआयआर नंबर टाका, घरचा पत्ता आणि शाळा टाकू नका. बक्षिसाची रक्कम लिहू नका, कारण तुमचा नंबर बाहेर गेला की तासाभरात एक फोन येणार, "तुमचा मुलगा माझ्याकडे आहे, जीपेवर पाच हजार टाका, तिकीट काढून पाठवतो". हे हमखास होतं, लोक इतके नालायक असतात. अशा माणसाला एकच म्हणायचं, व्हिडिओ कॉल कर, नाहीतर त्याला विचारून सांग की घरी त्याला काय नावाने हाक मारतात. पैसे एक रुपया नाही, आणि तो नंबर लगेच तपास अधिकाऱ्याला. खरंच खंडणीचा फोन असला तरी हेच, आधी पोलीस, "पोलिसांना सांगितलंस तर" ला भुलायचं नाही.

आणि मेसेजमध्ये "मुलं पळवणारी टोळी फिरतेय" असलं काही घालू नका, तुमच्या डोक्यात आलं तरी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, बाजाराच्या दिवशी गावात आलेले. आपलं मूल सापडावं म्हणून टाकलेल्या मेसेजने दुसऱ्याच्या मुलांचा बाप जायला नको.

तुमचा नंबर मात्र चालू ठेवा, पोस्टरवर जो दिला असेल तो, कायमचा. अंधेरीची ती केस आठवत असेल, २०१३ च्या जानेवारीत शाळेच्या वाटेवर गायब झालेली सात वर्षांची मुलगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये सापडली, आणि सापडली तेव्हा ती आईच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर राहत होती. डी. एन. नगर पोलीस स्टेशनचे राजेंद्र भोसले त्या मुलीला रिटायर झाल्यावरही शोधत होते, हे सगळ्या पेपरात आलेलं. पण ती शेवटी सापडली ती इंटरनेटवर उरलेल्या जुन्या पोस्टरमुळे. त्यावर पाच फोन नंबर होते, त्यातले चार बंद पडलेले, पाचवा शेजाऱ्याचा, तो लागला. त्या शेजाऱ्याने स्वस्तातला प्लॅन बघून नंबर बदलला असता तर काय, या विचाराने माझ्या तर पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे ती वेळ आली नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मूल अजून सापडलं नसेल तर त्यांच्यासाठी. फाईल थंड पडू द्यायची नाही. दर आठवड्याला जायचं, काय झालं विचारायचं, लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जायला हवा, तो गेला का ते विचारायचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य पोर्टलवर मुलाची नोंद झालीय का ते बघायला सांगायचं, कारण दुसऱ्या राज्यातल्या बालगृहात मूल असलं तर जुळणी तिथे होते. कोणी डांबून ठेवलंय असा संशय असेल तर वकील धरून हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, टाकता येते.

आणि मुलीच्या आईबापांना वेगळं सांगते, कारण भांडुपच्या ताईंच्या घरात मुलगा होता म्हणून साडेतीन तास गेले, मुलगी असती ना, दोन दिवस गेले असते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळी आली नाही की घरात सगळ्यांच्या मनात एकच येतं, "पळून गेली असेल". मग काका-मामा गाडी काढून गावोगाव फिरतात, कोणाला सांगायचं नाही, तिच्या मैत्रिणींना दमदाटी करायची, आणि कंप्लेंट तिसऱ्या दिवशी. पहिलं म्हणजे हरवलेल्या मुलांमध्ये मुलीच जास्त असतात. दुसरं, अठराच्या आतली मुलगी "स्वतःहून गेली" हे कायद्याला मान्यच नाही, तिची संमती धरत नाहीत, नेणाऱ्यावर अपहरणाचा गुन्हा लागतोच. आणि तिसरं, खरंच कोणाच्या नादाने गेली असली तरी पहिल्या रात्री ती मुंबईत असते आणि तिसऱ्या दिवशी कुठे असेल सांगता येत नाही. बदनामीचं म्हणाल तर ती दोन दिवस लपवल्याने कमी होत नाही, उलट वाढते, कारण मग लोक म्हणतात "लपवत का होते". पोलिसांना सांगताना जे माहीत असेल ते सगळं सांगायचं, मुलाचं नाव, भांडण झालं होतं ते, मारलं होतं तेही. हे ताई तुमच्या मिस्टरांना पण, पोलिसांपुढे "काही नाही हो, घरात सगळं छान होतं" असं म्हणायचं नाही. दोन फटके मारले हे लपवलं तर पोलीस अपहरण करणारा शोधत बसतील आणि पोरगा कल्याणला बाकड्यावर.

आता तुमच्या मिस्टरांचा राग. बालगृहात ठेवलं म्हणजे गुन्हेगार ठरवलं असं अजिबात नाही. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे एकटं सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचंच असतं, हे चोवीस तास मात्र खरे आहेत. समिती गुन्ह्यासाठी नाहीच, गुन्हा केलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ असतं, ते वेगळं. समिती बघते की जे न्यायला आलेत ते खरंच आईबाप आहेत का आणि या घरात मूल परत पाठवणं बरं का. विचार करा, त्या मॅडमनी फोनवर "हो मी बाबाच बोलतोय" म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला पोरगा देऊन टाकला असता तर? तुम्ही खरे होता. प्रत्येक वेळी खरेच येतात असं नाही. त्या मॅडमना माझ्यातर्फे तरी थँक्यू म्हणा, प्लॅटफॉर्मवर रोज हजारो पोरं जातात, त्यातलं हे एक घरातून निघून आलंय हे ओळखायला नजर लागते. समितीने काही कागद दिले असतील, समुपदेशनाची तारीख दिली असेल तर चुकवू नका.

मुलगा बोलत नाही म्हणताय. साहजिक आहे. त्याला घरी आल्यापासून किती जणांनी विचारलं असेल, "का रे असं केलंस, आईचा जीव गेला असता". त्याला आधीच माहीत आहे ते. शपथा घालू नका, देवापुढे कान धरायला लावू नका, आणि नातेवाईकांपुढे गोष्ट सांगून हसू पण नका, हे तर मुळीच नाही. एकदा शांतपणे, बाबांनी नाही तर तुम्ही, बाहेर कुठेतरी चालता चालता विचारा की घरात काय नको झालं होतं तुला. आणि दुसरं विचारायचं ते जास्त महत्त्वाचं, त्या सहा तासांत कोणी भेटलं का, कोणी काही दिलं का, हात लावला का, कुठे चल म्हणालं का. एकदाच विचारा, उत्तर काहीही आलं तरी चेहरा बदलू देऊ नका. तसं काही असेल तर पोलीस, लगेच, मुलगा असला तरी पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. नसेल तर थोडे दिवस द्या. झोप उडाली, जेवण सुटलं, मरणाबिरणाचं बोलला तर मात्र वाट बघू नका, १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, आणि सायन, केईएम, नायरला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे मुलांना पण बघतात. बाबांनी त्याला एक वाक्य म्हणायला हवं, "मारायला नको होतं". बापाला हे जड जातं मला माहीत आहे. मोबाईल परत द्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तो मार्कांशी बांधू नका, मग मार्क कमी पडले की पोरगा घर सोडायचा विचार करतो आणि आपण म्हणतो मोबाईलने वाट लावली. शाळेत क्लासटीचरना सांगा, लपवू नका, एवढं तर आता सासूबाईंना पण पटलं असेल.

धाकटीला गणपतीत न्या हो. तिला तिचं पूर्ण नाव आणि तुमचं पूर्ण नाव यायला हवं, या वयाच्या कित्येक मुलांना आईचं नाव विचारलं तर "आई" सांगतात. तुमचा मोबाईल नंबर चालीत पाठ करून घ्या, पाढ्यासारखा, मोठ्याला नंबर पाठ होता म्हणूनच तो रात्रीच सापडला हे विसरू नका. लालबागला किंवा चौपाटीवर जायच्या दिवशी निघताना दारातच तिचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यात. हातावर आतल्या बाजूला पेनाने नंबर लिहून वर चिकटपट्टी लावा, घामाने जात नाही. नाव मात्र दप्तरावर, टोपीवर बाहेरून दिसेल असं लिहू नका, कोणीही नावाने हाक मारेल आणि पोर ओळखीचं समजून जाईल. तिला शिकवा की हरवलीस तर जिथे आहेस तिथेच थांबायचं, शोधायला जायचं नाही, शोधायचं काम आईचं. आणि मदत मागायची ती पोलिसाकडे किंवा जिच्याबरोबर लहान मूल आहे अशा बाईकडे. लोकलचा नियम वेगळा शिकवा आणि घरात सगळ्यांना सारखाच सांगा: आई गाडीत चढली आणि तू प्लॅटफॉर्मवर राहिलीस तर तिथेच उभी राहा, आई परत येते. तू चढलीस आणि आई राहिली तर डब्यातल्या बायकांना सांगून पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि उतरल्या जागी थांबायचं, आई पुढच्या गाडीने येते. धावत्या गाडीतून उडी नाही, काही झालं तरी नाही. मंडळात गेल्या गेल्या पोलिसांचा मंडप किंवा मंडळाचा माईकवाला कुठे बसलाय ते बघून ठेवा.

घड्याळाचं म्हणाल तर घ्यायचं असेल तर घ्या, वाईट काही नाही. पण दोन हजाराच्या घड्याळाला गर्दीत रेंज नसते, बॅटरी दुपारी संपते, आणि कोणी न्यायचं ठरवलं तर ते पहिलं काढून फेकणार. कॅमेरावालं आणि भलत्याच कंपनीचं ॲप लागतं असलं घेऊ नका, तुमच्या मुलीचं लोकेशन आणखी कोण बघतंय ते कळत नाही. आणि मोठ्याच्या हातात आत्ता लगेच बांधू नका, तो ते स्टेशनवर काढून ठेवेल आणि मग तुम्ही घरी बसून त्या घड्याळाला शोधाल.